लाईट विमानाची गेली की घरची?

उजळाईवाडीच्या धावपट्टीवरून सेसना १७२ हे छोटं विमान उडवलं, रंकाळ्यावरून पन्हाळ्याकडे वळवलं आणि पंचवीसेक मिनिटांनी कॉकपिटमधले स्क्रीन काळे झाले. घरच्या सिम्युलेटरवर असं झालं की कोल्हापुरात पहिला संशय जातो वळवाच्या पावसावर आणि 'होल्टेज'वर. मग स्टॅबिलायझर आणा, पीसीचा पॉवर सप्लाय बदला. खर्च होतो आणि पुढच्या उड्डाणात पुन्हा तेच, कारण वीज संपलेली असते ती सिममधल्या विमानाची. याच्या उलटही घडतं: टेबलावरचे स्विच-नॉब पीसीला जोडणारा, टेबलाखालचा यूएसबी हब मान टाकतो आणि माणूस सिमचा फेल्युअर मेनू (बिघाडांची यादी) चाळत बसतो.

दोन्हींतला फरक कळायला मल्टिमीटर लागत नाही. आधी इंजिन ऐका. सेसनाच्या इंजिनाला ठिणगी मॅग्नेटो (इंजिनाबरोबर फिरून स्वतःच वीज तयार करणारी यंत्रं) देतात, त्यांचं बॅटरीवाचून काही अडत नाही. त्यामुळे विमानाची वीज गेली तरी इंजिन चालू राहतं, खिडकीबाहेर डोंगर दिसतात, योक (विमानाचं हँडल) आणि पेडल काम करतात. जातात ते रेडिओ, स्क्रीन आणि दिवे. फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) उतरत नाहीत. इंधनाचे काटे शून्यावर येतात, पण टाकी रिकामी झालेली नसते, काटेच विजेवरचे असतात. गोल घड्याळांचं जुनं पॅनेल असेल तर कृत्रिम क्षितिज व्हॅक्यूमवर (इंजिनाच्या पंपाने ओढलेल्या हवेवर) तगून राहतं आणि विजेवरचा टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारं घड्याळ) मात्र लाल निशाण दाखवतो.

हार्डवेअर गेलं तर पडद्यावरचं पॅनेल लख्ख असतं, पण टेबलावरचा नॉब फिरवून काही हलत नाही. माउसने तोच नॉब फिरवून बघा. फिरला तर विमान ठीक आहे, दोष तुमच्या वायरीत आहे. त्याआधी विंडोजचा यूएसबी सुटल्याचा आवाजही येतो. अनेकांनी तो बंद करून ठेवलेला असतो, निदान दोष सापडेपर्यंत तरी चालू करावा.

आता विमानाची बाजू. १७२ एसची बॅटरी २४ व्होल्टची, अल्टरनेटर (इंजिनावर चालून बॅटरी भरणारा जनरेटर) २८ व्होल्टचा. व्होल्टेज २४.५च्या खाली गेलं की लो व्होल्ट्सचा दिवा लागतो. टॅक्सी करताना (विमान जमिनीवर चालवताना) इंजिन फार मंद असेल तर तो लागू शकतो. थ्रॉटल थोडा वाढवल्यावर विझला तर सोडून द्या. हवेत लागला आणि ॲमीटरचा काटा उण्याकडे असेल (म्हणजे बॅटरी रिकामी होत असेल) तर ॲव्हिऑनिक्स (रेडिओ आणि दिशादर्शक उपकरणं) बंद करा, अल्टरनेटर फील्डचा ब्रेकर आत दाबलेला आहे का बघा, मास्टर स्विचचे दोन्ही भाग (बॅटरी आणि अल्टरनेटर) बंद करून पुन्हा चालू करा, दिवा विझला की मगच ॲव्हिऑनिक्स लावा. परत लागला तर फेल्युअर मेनू उघडा. एक्स-प्लेन या सिममध्ये रँडम बिघाडांचा पर्याय कधीतरी चालू करून विसरलेला असतो.

पण मेनूपेक्षा जास्त वेळा गुन्हेगार असतो अल्टरनेटरचा स्विच. टेबलावरच्या स्विचला 'टॉगल' (आहे त्याच्या उलट कर) ही आज्ञा दिलेली असते आणि उड्डाण इंजिन चालू अवस्थेत धावपट्टीवर सुरू होतं. अल्टरनेटर आधीच चालू, तुमचा स्विच खाली. तुम्ही तो वर करता आणि टॉगल अल्टरनेटर बंद करून टाकतो. पुढे सगळा भार बॅटरीवर, आणि ती संपेपर्यंत तुम्ही पन्हाळ्यावर पोचलेले असता. उपाय सोपा आहे: वरच्या स्थितीला 'ऑन' आणि खालच्या स्थितीला 'ऑफ' अशा वेगळ्या आज्ञा द्या. एक्स-प्लेनमध्ये त्या 'जनरेटर' या नावाखाली सापडतात. टॉगल शक्यतो कुठेच वापरू नये.

हार्डवेअरच्या बाजूला बहुतेक भांडण पाच व्होल्टांचं असतं. यूएसबी २च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात, यूएसबी ३मधून ९००. ॲडॅप्टर नसलेल्या हबला तेवढ्यातच सगळ्यांना वाटून द्यावं लागतं. त्यात केबल बारीक असली तर आणखी वजावट. २८ गेजच्या तारेचा (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक) रोध मीटरला सुमारे ०.२१ ओहम. तीन मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन सहा मीटर, साधारण १.३ ओहम. ५०० मिलिअँपिअरला ०.६४ व्होल्ट वाटेतच जातात आणि पॅनेलला ४.३६ उरतात. हीच केबल वीजवाहक तारा २४ गेजच्या असलेली घेतली तर ४.७५ मिळतात. म्हणून हब ॲडॅप्टरवाला घ्या, केबल आखूड ठेवा.

स्वतः आर्डुइनो मेगा या छोट्या कंट्रोलर बोर्डावर पॅनेल बांधणाऱ्यांनी सर्वो मोटार (काटे फिरवणारी) बोर्डाच्या पाच व्होल्टवर जोडू नये. मोटार अडली की इतका प्रवाह खेचते की बोर्ड रीसेट होतो. वेगळा पाच व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) लावा आणि त्याची ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडा. ग्राउंड न जोडल्यास सर्वो थरथरत बसतो. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरातल्या प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाका.

खरा घोळ होतो तो या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतल्यावर. हब दोन सेकंद सुटतो आणि परत जोडला जातो. त्या क्षणी सिमला वाटतं की स्विच सोडला, आणि 'ऑफ' आज्ञा लागू होऊ शकते. टेबलावर स्विच वरच दिसतो, सिममध्ये अल्टरनेटर बंद. अर्ध्या तासाने अंधार होतो तेव्हा यूएसबीचा आवाज कोणाच्या लक्षातही नसतो. म्हणून आवाज आला की अल्टरनेटरचा स्विच एकदा खाली-वर करा आणि ॲमीटर बघा.

पीसीच रीस्टार्ट झाला तर विषय वेगळा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधली (नोंदवहीतली) कर्नल-पॉवर ४१ ही नोंद पीसी नीट बंद झाला नाही एवढंच सांगते, कारण सांगत नाही. बाजारातला ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटचा असतो. ग्राफिक्स कार्डासह ४५० वॅट खाणारा पीसी त्यावर लाईट जाताक्षणी पडणारच. घरचा इन्व्हर्टर असेल तर मागचा स्विच यूपीएस मोडवर (त्यात बॅटरीवर जायला कमी वेळ लागतो) आहे का बघा, कारण पीसीचा पॉवर सप्लाय पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो. आणि पॅनेलच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या: फेज ते अर्थ व्होल्टेज फेज ते न्यूट्रलइतकंच यायला हवं, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टांच्या आत.