पेनजोडणीतील आसंजके

हाताने घडवलेल्या पेनचे भाग जोडण्यासाठी वापरले जाणारे चिकट पदार्थ. रोजच्या बोलण्यात यांना गोंद, फेविक्विक किंवा अरल्डाइट असेच म्हटले जाते. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींमुळे कोल्हापूरच्या हाताला लेथ नवीन नाही. त्यामुळे इथल्या माणसाला पेनची कातणी, म्हणजे तुकडा लेथवर फिरवत हत्याराने तासणे, लवकर जमते. पेन टिकणार की नाही हे मात्र बहुतेक वेळा कातणीच्या आधी, नळी चिकटवतानाच ठरते.

लाकडी किंवा ॲक्रिलिक पेनात चौकोनी तुकड्याला आरपार भोक पाडून त्यात पितळी नळी बसवतात. बारीक बॉलपेनसाठी ही नळी साधारण 7 मिमी व्यासाची असते. गोंद वाळला की तुकडा लेथवर चढवून नळीच्या तोंडाशी भिंत जेमतेम मिलिमीटरभर उरेपर्यंत कातायचा असतो. आत कुठे गोंद पोहोचला नसेल, तर त्या जागी लाकडाला आधार राहत नाही. हत्याराचा धक्का बसताच तिथली कपची उडते.

या कामाला इपॉक्सी, म्हणजे अरल्डाइटसारखा गोंद, सर्वांत भरवशाचे. यात रेझिन आणि हार्डनर अशा दोन ट्यूब असतात. दोन्ही पाकिटावर दिलेल्या प्रमाणात नीट कालवावे लागतात. प्रमाण चुकले तर गोंद चिवट, ओलसर राहतो, आणि हार्डनर जास्त घातल्याने तो अधिक घट्ट होत नाही. इपॉक्सी फट भरून काढते, थोडा धक्का सोसते आणि नळी सरळ करायला वेळ देते. पाच मिनिटांत धरणारे इपॉक्सी घाईच्या कामाला चालते, पण त्याचीही पूर्ण ताकद यायला बराच वेळ लागतो. रात्रभर वाळणारे घेऊन दुसऱ्या दिवशी कातणे केव्हाही चांगले.

फेविक्विक ज्या वर्गात मोडते ते सायनोॲक्रिलेट हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने धरते. हे रसायन 1942 मध्ये अमेरिकेत हाती लागले आणि गोंद म्हणून 1958 मध्ये बाजारात आले. पातळ सायनोॲक्रिलेट केसाएवढ्या चिरेत आपोआप शिरते. म्हणून तडकलेले लाकूड सावरायला आणि ठिसूळ गाठ घट्ट करायला त्याला तोड नाही. नळी बसवायची असेल तर मात्र घट्ट प्रकारचे घ्यावे. तरीही हा सांधा कडक आणि ठिसूळ असतो. पेन फरशीवर पडले की तो सुटण्याची भीती राहते.

कोल्हापूरच्या पावसाळ्यात हा फरक चांगलाच जाणवतो. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की नळी अर्धी आत गेली न गेली तोच सायनोॲक्रिलेट धरते. मग ती पुढेही सरकत नाही आणि मागेही येत नाही. वर पांढरी धुरकट झाकही उमटते. एप्रिल-मेच्या उन्हात उलट इपॉक्सीच भराभर घट्ट होते, तेव्हा एका वेळी थोडेच कालवावे. लाकडाचेही तसेच. भर पावसात वखारीतून आणलेला शिसवाचा किंवा बाभळीचा तुकडा ओलाव्याने फुगलेला असतो. तो तसाच चिकटवला तर फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत आकसतो. पितळ आकसत नाही, म्हणून पेन उभे तडकते. कोणताही गोंद हे थांबवू शकत नाही. भोक पाडून तुकडा काही आठवडे घरातच ठेवणे, हाच उपाय.

चिकटवण्याआधीची तयारी कंटाळवाणी वाटते, पण ती टाळू नये. नवी पितळी नळी गुळगुळीत आणि तेलकट असते. 150 ते 220 नंबरच्या पॉलिश पेपरने तिची चमक पूर्ण घालवावी आणि ॲसिटोनने पुसावी. शिसवासारख्या तेलकट लाकडाचे भोकही पुसून घ्यावे. ॲक्रिलिकला मात्र ॲसिटोन लावू नये, त्याने ते खराब होते. नळीची तोंडे मेणाने किंवा बटाट्याच्या चकतीत दाबून बंद करावीत, म्हणजे गोंद आत शिरत नाही. मग नळीला आणि भोकाच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे गोंद लावून नळी गोल फिरवत, पुढे-मागे करत आत न्यावी. पारदर्शक ॲक्रिलिकमधून पितळ दिसते, म्हणून नळी आधी रंगवून वाळवतात.

पॉलियुरेथेन गोंद ओलाव्याने फेसाळून फुगतो आणि नळीला बाहेर ढकलतो. ती दाबून धरायची सोय असेल तरच तो वापरावा.

सायनोॲक्रिलेटचा धूर डोळ्यांना झोंबतो, आणि ते सुती कापडावर सांडले तर चटका बसेल इतकी उष्णता निघते. बाटली फ्रिजमध्ये टिकते. पण बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नये, नाहीतर आत दव धरते.

शाईच्या पेनाचा नियम वेगळा. एबोनाइटचे (कडक केलेल्या रबराचे) जुन्या पद्धतीचे पेन दांड्यातूनच कोरतात आणि आट्यांनी जोडतात. तिथे गोंद लागत नाही, आट्यांना सिलिकॉन ग्रीस पुरते. रबरी शाईपिशवी असलेल्या पेनात ती पिशवी लाखेपासून बनवलेल्या शेलॅकने बसवतात. पिशवी कधीतरी बदलावीच लागते, आणि शेलॅक थोड्या उष्णतेने मऊ होऊन सुटते. तिथे इपॉक्सी लावणारा माणूस पुढच्या दुरुस्तीची वाटच बंद करतो. शेलॅक सोडवताना कोरडी ऊब द्यावी, कारण गरम पाण्याने एबोनाइटचा काळा रंग फिका पडतो.