बेलापूरची ३७७ मते आणि त्यामागची पंचाहत्तर वर्षे

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत नवी मुंबईतल्या बेलापूरमधून मंदा म्हात्रे ३७७ मतांनी निवडून आल्या. त्यांना आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या संदीप नाईक यांना, दोघांनाही ९१ हजारांवर मते होती. लोकांच्या लक्षात ही लढत राहिली. पण मतदाराचा कौल आणि निकाल यांचे नाते तपासायचे तर याच मतदारसंघाची २०१४ ची निवडणूक अधिक बोलकी आहे. तेव्हा युती आणि आघाडी दोन्ही फुटल्या होत्या. म्हात्रे यांना सुमारे ५५ हजार, गणेश नाईक यांना सुमारे ५४ हजार आणि विजय नाहटा यांना सुमारे ५१ हजार मते पडली. पराभूत दोघांचीच बेरीज लाखावर जाते. यात गैर काहीच घडले नव्हते. निम्म्याहून अधिक मते मिळवण्याची अट आपल्याकडे नाही, इतरांपेक्षा एक मत जास्त असले की पुरे.

हा नियम इंग्रजांकडून आला, पण तो डोळे झाकून घेतला असे म्हणता येत नाही. ४ जानेवारी १९४९ रोजी संविधान सभेत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची दुरुस्ती मांडली होती. ज्या पक्षाला जितकी टक्के मते, तितक्या जागा, असा तिचा रोख. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारताना मुख्यतः दोन कारणे दिली. या पद्धतीला मोठ्या प्रमाणावर साक्षरता गृहीत धरावी लागते, ती देशात नाही; आणि विधिमंडळाचे तुकडे पडून स्थिर सरकार उभे राहणार नाही. दुसरे कारण आजही वादाचे आहे. पहिल्याची धार मात्र बरीच बोथट झाली आहे.

गंमत अशी, की प्रमाणशीर प्रतिनिधित्वासाठी वापरली जाणारी पसंतीक्रमाची पद्धत ठाणे-नवी मुंबईतले हजारो मतदार आजही वापरतात. विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघात यंत्र नसते, कागदी मतपत्रिका असते. उमेदवाराच्या नावासमोर १, २, ३ असे आकडे लिहायचे. वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक हा विजयाचा कोटा. पहिल्या पसंतीत तो कोणी गाठला नाही, तर तळाच्या उमेदवाराला बाद करून त्याची मते पुढच्या पसंतीप्रमाणे वाटली जातात. मत बाद होते ते बहुधा क्षुल्लक चुकीने: आकड्याऐवजी बरोबरची खूण केली, ‘एक’ असे अक्षरात लिहिले, केंद्रावरचे जांभळे स्केच पेन सोडून खिशातले पेन वापरले. मतदार सगळे पदवीधर, तरी अशा मतपत्रिका निघतातच. आंबेडकरांची शंका अगदीच निराधार नव्हती, एवढे यावरून मान्य करावे लागते.

एका मतदारसंघातून एकच खासदार, हेही सुरुवातीला सगळीकडे नव्हते. पहिल्या दोन लोकसभा निवडणुकांत अनेक मतदारसंघ द्विसदस्यीय होते, ठाणे त्यांपैकी एक. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, १९५७ साली, शामराव परुळेकर इथूनच लोकसभेवर गेले. १९६१ च्या कायद्याने ही पद्धत बंद झाली.

मग प्रश्न उरला सीमारेषांचा, आणि ठाण्याला सर्वांत जास्त झळ त्याचीच बसली. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागांचे वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवले. कुटुंबनियोजन राबवणाऱ्या राज्यांना जागा गमवाव्या लागू नयेत, हा त्यामागचा हेतू. मतदारसंघांच्या हद्दीही त्यासोबत गोठल्या. नेमक्या त्याच काळात सिडकोने नवी मुंबई वसवली, मुंबईतून कुटुंबे ठाणे, कळवा, डोंबिवलीकडे सरकली. १९७१ नंतर इथे आलेला माणूस मतदार यादीत होता, जागांच्या हिशेबात नव्हता. २००१ च्या जनगणनेवर आधारलेली पुनर्रचना २००८ मध्ये लागू झाली, तेव्हा तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या विधानसभेच्या जागा १३ वरून एकदम २४ झाल्या. तीन दशके मताचे वजन किती घटले होते, ते या एका उडीत दिसते. राज्याच्या ४८ खासदारांचा आकडा मात्र हलला नाही. तो २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत बांधलेला आहे.

आजच्या ठाणे लोकसभा मतदारसंघात मीरा-भाईंदर, ओवळा-माजिवडा, कोपरी-पाचपाखाडी, ठाणे, ऐरोली आणि बेलापूर येतात. खाडीपलीकडचे कळवा-मुंब्रा ठाणे महापालिकेत असूनही कल्याणला जोडलेले. २०२४ मध्ये या मतदारसंघात सुमारे २५ लाख मतदार होते आणि मतदान झाले ५२ टक्क्यांच्या आसपास. विजयी उमेदवाराला ७ लाख ३४ हजार मते, मताधिक्य दोन लाखांवर. निकाल दणदणीत होता. तरी एकूण मतदारांशी ताडून पाहिले तर हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आतच राहते. घरी बसलेल्यांत दुबार नावे आणि पत्ता बदलूनही नमुना ८ (पत्ताबदलाचा अर्ज) न भरलेले लोक किती, हे वेगळे काढता येत नाही. त्यामुळे कमी मतदान म्हणजे निव्वळ उदासीनता, हा निष्कर्ष घाईचा ठरतो.

महापालिकेत नियमच वारंवार बदलत गेले. २००२ ला तीन नगरसेवकांचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा. जवळपास दर निवडणुकीला प्रभाग बदलायचा, असाच हा शिरस्ता. ठाण्यात १३१ जागांसाठी ३३ प्रभाग आहेत. ३२ प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागा आणि एकात तीन, म्हणजे बहुतेक मतदारांनी चार बटणे दाबायची. एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल तर तिथे ‘नोटा’. अनेक सदस्य म्हणजे प्रमाणशीर प्रतिनिधित्व, असा समज इथे फसवतो. चारही जागांची मोजणी स्वतंत्र होते. तिरंगी लढतीत ३५-४० टक्के मते असलेले पॅनेल चारही जागा नेऊ शकते आणि उरलेल्या ६० टक्क्यांच्या वाट्याला त्या प्रभागात एकही नगरसेवक येत नाही.

निवडून दिल्यानंतरची गाळणी वेगळीच. १९८५ च्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला मुभा होती. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ती काढली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची राहिली. कोपरी-पाचपाखाडीतून २०१९ मध्ये एकनाथ शिंदे शिवसेना-भाजप युतीचे उमेदवार म्हणून निवडून आले. त्याच मतांवर ते आधी महाविकास आघाडीत मंत्री झाले आणि जून २०२२ मध्ये भाजपसोबत मुख्यमंत्री. मधे या मतदारांकडे कौल मागायला कोणी परतले नाही, आणि घटनेप्रमाणे तशी गरजही नव्हती.

मुदतीबाबत मात्र घटना स्पष्ट आहे: कलम २४३-यू प्रमाणे पालिकेची पाच वर्षे संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले. मतदान झाले जानेवारी २०२६ मध्ये, तेही सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर. मधले पाच अर्थसंकल्प प्रशासकाने मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले.