मोठी अमेरिकन लक्झरी सेडान आणि तिचे म्हातारे मालक

मोठी अमेरिकन लक्झरी सेडान म्हणजे साडेपाच मीटरच्या आसपास लांब, चार दारांची, व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनची गाडी, जिच्यात पुढेसुद्धा सोफ्यासारखी सलग सीट असायची आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला, त्यामुळे पुढे तीन मागे तीन अशी सहा माणसं बसायची. कॅडिलॅक आणि लिंकन ही मोठी नावं, त्याखालोखाल ब्युइक, ओल्ड्समोबाइल, मर्क्युरी, क्रायस्लर. तिकडे लोक हिला लँड यॉट म्हणायचे, जमिनीवरची बोट, आणि ते नाव बरोबरच होतं कारण सस्पेन्शन इतकं मऊ की रस्त्यातला खड्डा आत कळायचा नाही, पण वळणावर सगळी गाडी एका अंगाला झुकायची. हा प्रकार 2011 च्या सुमारास जवळपास संपला.

सत्तरच्या दशकात ह्या गाड्या सगळ्यात मोठ्या झाल्या. कॅडिलॅकचं 8.2 लिटरचं इंजिन याच काळातलं, आणि 1977 ते 79 ची लिंकन कॉन्टिनेंटल जवळजवळ 5.9 मीटर लांब, म्हणजे आपल्या मारुती 800 च्या पावणेदोनपट. पण 1973 मध्ये अरब देशांनी तेल बंद केलं, पंपांवर रांगा लागल्या आणि 1975 मध्ये अमेरिकन सरकारने कायदा केला की कंपनीच्या सगळ्या गाड्यांचं मिळून सरासरी मायलेज ठरलेल्या आकड्याच्या वर पाहिजे. कॅडिलॅक, ब्युइक, ओल्ड्समोबाइल ज्या कंपनीच्या त्या जनरल मोटर्सने 1977 पासून गाड्या लहान करायला घेतल्या, 1985 ला तर कॅडिलॅक डी व्हिल दोन फुटांनी आखूड केली आणि इंजिनची ताकद मागच्याऐवजी पुढच्या चाकांना दिली. तेव्हा कॅडिलॅक, ब्युइक, ओल्ड्समोबाइल सगळ्या इतक्या सारख्या दिसायला लागल्या की फोर्डच्या लिंकनने त्यावर टीव्हीवर जाहिरात केली, गाडीची वाट बघणाऱ्या मालकांना आपली गाडी कुठली तेच ओळखता येत नाही अशी. लिंकन टाउन कार मात्र मोठीच राहिली आणि जुन्या पद्धतीने, वेगळ्या चासीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर बॉडी बसवून बनत राहिली.

खरा घाव मात्र मायलेजच्या कायद्यातल्या एका फटीतून बसला असं मला वाटतं. कारसाठी 1985 पर्यंत 27.5 मैल प्रति गॅलन गाठायचं होतं, पण हलक्या ट्रकसाठी आकडा बराच कमी होता आणि एसयूव्ही ट्रकमध्ये मोजली जायची. मग मोठं इंजिन, मोठी बॉडी आणि मोठा नफा सगळं तिकडे गेलं. लिंकन नॅव्हिगेटर 1997 ला आली, कॅडिलॅक एस्कलेड 1998 ला. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यात 1996 ला शेवटची मागच्या चाकांवर चालणारी कॅडिलॅक फ्लीटवूड बनली आणि कारखाना ट्रककडे वळवला, आज तिथेच एस्कलेड बनते. ज्या गिऱ्हाइकाला मोठी गाडी हवी होती त्याला ती मिळतच होती, फक्त उंच झाली. आणि ज्याला भारी सेडानच हवी होती त्याच्यासाठी 1989 मध्ये लेक्सस एलएस 400 आली होती, जर्मन गाड्या तर आधीपासून होत्याच.

मागे उरले जुने मालक. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या भरभराटीत कमावलेली पिढी, जिच्यासाठी कॅडिलॅक घेणं म्हणजे आयुष्यात काहीतरी करून दाखवणं होतं, ती रिटायर होऊन फ्लोरिडाला, ॲरिझोनाच्या सन सिटीसारख्या वसाहतींत गेली आणि दर काही वर्षांनी तीच गाडी पुन्हा घेत राहिली. कंपन्यांनी त्यांना सांभाळलं, पण त्यांच्या मुलांना ही गाडी आजोबांची वाटायला लागली आणि नवीन गिऱ्हाईक आलंच नाही. लोक म्हाताऱ्यांच्या गाड्या म्हणून हसतात ते मला पटत नाही, कारण रुंद दार, सपाट रुंद सीट, मोठी बटणं आणि डिकीत सहज मावणारा वॉकर ह्या गोष्टी गुडघे दुखणाऱ्या माणसाला फार कामाच्या असतात. शिवाय तिथे बस नाही, रिक्षा नाही, त्यामुळे गाडी गेली की किराणा, दवाखाना, चर्च सगळंच दुसऱ्याच्या हातात जातं. इलिनॉय राज्यात कित्येक वर्षं 75 च्या पुढच्या लोकांना लायसन्स रिन्यू करताना गाडी चालवून दाखवायला लागायची, त्या दिवसाची धास्ती माणसं महिनाभर आधीपासून घ्यायची.

न्यू जर्सीत आमच्या शेजारच्या आजी नव्वदीला टेकलेल्या, त्यांच्याकडे नवऱ्याने घेतलेली फिक्या सोनेरी रंगाची टाउन कार होती. गॅरेजमध्ये गाडी जेमतेम मावायची म्हणून आजोबांनी छताला दोरीने टेनिस बॉल टांगला होता, बॉल समोरच्या काचेला टेकला की थांबायचं. हे तिकडे घरोघरी करतात.

मी स्वतः 1999 ला नेवार्क विमानतळावर उतरलो तेव्हा न्यायला आलेली गाडी काळी टाउन कारच होती, न्यूयॉर्कच्या भाड्याच्या गाड्यांत तेव्हा जिकडेतिकडे तीच. ह्या भाड्याच्या धंद्यानेच ती इतकी वर्षं टिकली. 2007 ला मिशिगनमधला विक्समचा कारखाना बंद झाल्यावर ती कॅनडात सेंट थॉमसला बनायला लागली आणि ऑगस्ट 2011 मध्ये शेवटची बाहेर पडली. कॅडिलॅक डीटीएस आणि ब्युइक लुसर्न त्याच वर्षी गेल्या, ओल्ड्समोबाइल 2004 लाच संपली होती आणि मर्क्युरी ब्रँड 2011 च्या सुरुवातीला. नंतर लिंकन कॉन्टिनेंटल 2017 चं मॉडेल म्हणून परत आणली, ती 2020 ला बंद, आणि तेव्हापासून अमेरिकेत लिंकन फक्त एसयूव्ही विकते.

जुन्या टाउन कार अजून रस्त्यावर आहेत कारण पोलिसांच्या आणि टॅक्सीच्या फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया गाडीशी तिचे बरेच पार्ट जुळतात, म्हणून स्वस्तात मिळतात. मालक गेल्यावर कमी चाललेली गाडी मुलं विकून टाकतात, घेणारा बरेचदा विशीतला असतो. त्याला पहिला खर्च येतो तो मागच्या एअर सस्पेन्शनचा, रबराच्या पिशव्या वयाने चिरतात, हवा जाते आणि सकाळी बघावं तर गाडी मागून खाली बसलेली. मेकॅनिक त्या काढून साध्या लोखंडी स्प्रिंग टाकतात. राइड थोडी कडक होते, पण गाडी परत खाली बसत नाही.