गोमंतकीय आडनावे

गोव्यातील कुटुंबांची कुलनामे. हिंदूंमधली पुष्कळशी आडनावे गावाच्या नावाला ‘कर’ लावून झाली आहेत : बोरीचे बोरकर, पर्र्याचे पर्रीकर, माशेलचे माशेलकर, शिरोड्याचे शिरोडकर, बांदोड्याचे बांदोडकर. अशा आडनावातून गाव कळते, जात कळेलच असे नाही. एकच ‘कर’ निरनिराळ्या ज्ञातींत सापडतो. आडनावावरून जात हुडकणाऱ्याची इथे फसगत होते, आणि ते चांगलेच आहे.

हा ‘कर’ बहुधा गाव सुटल्यावर लागतो. बोरीत सगळेच बोरीचे, तिथे बोरकर म्हटल्याने कोण कळणार? वेस ओलांडून माणूस परगावी गेला की तिथले लोक त्याला मागच्या गावाच्या नावाने हाक मारू लागतात. गोव्यात गाव सोडण्यामागे फार मोठे दुःख आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि सासष्टीतली देवळे पोर्तुगीजांनी पाडली, तेव्हा लोक देव घेऊन नदीपलीकडे गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला आली. लोटलीकर, वेर्णेकर आज कुठेही राहोत, आडनावात त्यांनी सासष्टीतला आपला जुना पत्ता सांभाळला आहे.

देवळांच्या सेवेतल्या कलावंत घराण्यांना गावाचे नावच आडनाव म्हणून लाभले. केरीच्या केसरबाई केरकर झाल्या. मंगेशीत 1900 साली जन्मलेले दीनानाथ मंगेशकर झाले. तिथल्या मंगेशाच्या देवळात अभिषेकाचा मान असलेले पुरोहित घराणे मात्र कामावरून अभिषेकी म्हणून ओळखले गेले. मोगूबाई कुर्डीकर यांचा जन्म 1904 साली सांगे भागातल्या कुर्डीचा. हे गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. मे महिन्यात पाणी ओसरते, तेव्हा घरांची जोती आणि सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते. दूर वसवलेली कुटुंबे त्या दिवसांत येऊन देवाला भेटतात, आपल्या घराची जागा मुलांना दाखवतात. पाऊस लागला की सारे पुन्हा पाण्यात. कुर्डीकर हे आडनाव तेवढे बाराही महिने कोरडे असते.

गावकर हे आडनाव ‘कर’वाले असूनही वेगळे. ज्यांच्या पूर्वजांनी गाव वसवला आणि ज्यांना गावकरीत, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या कारभारात, वंशपरंपरेने हक्क होता ते गावकर. या रीतिरिवाजांची पोर्तुगीजांनी 1526 मध्ये सनद लिहून काढली. गावकरीला पुढे कोमुनिदाद हे नाव पडले. देसाई, सरदेसाई, कुळकर्णी ही आडनावे वतनांची आणि हुद्द्यांची. काणकोण, केपे भागातला वेळीप हा मुळात आपल्या समाजाचा धर्मकार्य करणारा मुखिया. सुतारकाम, सोनारकाम करणाऱ्यांत च्यारी आढळतात.

पोर्तुगीज दप्तरात प्रभूचे पोरोबो, कामतांचे कामोतीं, भटाचे बोतो झाले. घरात एक उच्चार, कागदावर दुसरा. जुने दस्तऐवज उलगडताना ही रूपे ठाऊक नसतील, तर स्वतःचाच पणजोबा सापडायचा नाही.

ख्रिस्ती आडनावांचा उगम बाप्तिस्म्यात आहे. नवख्रिस्ती माणसाला धर्मपित्याचे किंवा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचे आडनाव मिळे. त्यामुळे एकाच कुळाच्या शाखा निरनिराळ्या आडनावांच्या झाल्याचेही दिसते. म्हणून दोन डिसोझा नात्यातले असतीलच असे नाही. फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा मुलगा, रॉड्रिग्ज रोद्रिगोचा. पेरेरा हे नाशपातीचे झाड, ऑलिवेरा ऑलिव्हचे, सिल्वा म्हणजे रान आणि लोबो म्हणजे लांडगा. हे अर्थ पोर्तुगालच्या मातीतले. बारदेशातल्या शेतकऱ्याने ते ऑलिव्हचे झाड कधी पाहिलेही नसेल. तरी चार शतके वापरून ही नावे त्याची झाली आहेत, त्यांना परकी म्हणणे अन्यायाचे आहे. गोव्यातून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी अनेकांनी प्रभू, कामत, शेट, नायक ही धर्मांतरापूर्वीची नावेही आठवणीत ठेवली. गोव्यातल्या खेड्यात तर एका वाड्यावर इतके फर्नांडिस असतात, की आडनावाने विचारून घर मिळत नाही. घराण्याचे टोपणनाव सांगितले, की शेजारी दारापर्यंत आणून सोडतो.