रापण ओढणाऱ्या दंडातला वायू

मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढायला माणसं दोराला लागली की दंड आणि पोटऱ्या टरारून फुगतात. अशा मेहनतीत मेंदूकडून साऱ्या अंगाला हुकूम सुटतो: रक्तवाहिन्या आवळा, रक्तदाब सांभाळा. मग राबणाऱ्या स्नायूंचीच उपासमार का होत नाही? त्या स्नायूपेशींच्या आवरणाला आतून चिकटलेलं एक विकर (एन्झाइम) तिथल्या तिथे नायट्रिक ऑक्साइड वायू सोडतं, आणि शेजारच्या बारीक धमन्यांवर तो हुकूम नीट चालत नाही.

हा वायू शरीरात जेमतेम काही सेकंद टिकतो. बांगडा बर्फात ठेवता येतो, खारवता येतो. याची साठवणच नाही. म्हणून लागेल तिथेच तो तयार करावा लागतो. सस्तन प्राण्यांत तो बनवणारी विकरं 3 प्रकारची. कच्चा माल तिघांचाही तोच, आर्जिनिन हे अमिनो आम्ल आणि ऑक्सिजन. काम मात्र ठरतं ते विकर कुठल्या ऊतीत आहे त्यावर.

स्नायूतलं विकर चेतापेशींच्या प्रकारातलं. 1990 साली ते उंदराच्या मेंदूतून वेगळं काढलं गेलं, म्हणून नाव मेंदूचं पडलं. पण ते आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंतही असतं. ज्या उंदरांत त्याचं जनुक निकामी केलं, त्यांचं जठर फुगून मोठं झालं, कारण जठराचं खालचं तोंड सैलच पडेना. ड्युशेन या मुलांमधल्या स्नायूंच्या आजारात डिस्ट्रोफिन हे प्रथिन नसतं, त्यामुळे हे विकर आवरणावरून सुटतं. मग हालचाल करतानाही स्नायूला पुरेसं रक्त मिळत नाही. विकराची जागा किती महत्त्वाची, हे मला या मुलांच्या आजारात सर्वांत स्पष्ट दिसतं.

दुसरा प्रकार रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचा. रॉबर्ट फर्चगॉट यांनी 1980 साली सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन दाखवलं, की अस्तर शाबूत असेल तर अॅसिटिलकोलीन या चेतांच्या निरोप्या रसायनाने तुकडा सैल पडतो, ते खरवडलं गेलं तर पडत नाही. अस्तरातून सुटणारा तो पदार्थ म्हणजेच हा वायू. 1998 चं नोबेल त्यांना लुई इग्नारो आणि फेरिद मुराद यांच्यासोबत मिळालं. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवतात त्या सॉर्बिट्रेटच्या गोळीतूनही शेवटी हाच वायू सुटतो, तोही या विकरांशिवाय.

तिसरा प्रकार बहुतेक ऊतींत एरवी जवळपास नसतोच. जंतूंची चाहूल लागली की पेशी तो नव्याने घडवतात, आणि एकदा घडला की तो तासन् तास वायू ओकत राहतो. भातलावणीच्या दिवसांत सिंधुदुर्गात लेप्टो या जिवाणूंच्या तापाची धास्ती असते. अशा कुठल्याही संसर्गाने सेप्सिस झाला, म्हणजे संसर्गाला शरीराचा प्रतिसाद बेफाम झाला, की हा वायू जागोजाग सुटून रक्तदाब कोसळवू शकतो. त्यावर उपाय म्हणून ही विकरं रोखणारं एक औषध सेप्टिक शॉकच्या, म्हणजे सेप्सिसने रक्तदाब कोसळलेल्या, रुग्णांना देऊन पाहिलं. रक्तदाब वाढला, पण मृत्यूही वाढले आणि चाचणी मध्येच थांबवावी लागली. त्या औषधाला जागेचा भेद नव्हता. जंतूंमुळे जागं झालेल्या विकरासोबत अस्तरातलं विकरही त्याने बंद पाडलं होतं.