होडीतून गळाची मासेमारी : पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी

आमची होडी गोव्यातल्या नेरुलहून सकाळी ६ ला सुटते आणि ११ च्या आत परत येते. वेळ गैरसोयीची आहे खरी, पण ती वाऱ्याने ठरवली आहे. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून मतलई वारा वाहतो आणि किनाऱ्याजवळचे पाणी सपाट राहते. ऊन चढले की वारा उलटून समुद्रावरून येतो आणि लाट उभी राहते. मांडवी नदीच्या मुखाशी, आग्वाद किल्ल्याजवळ, वाळूमुळे पाणी उथळ आहे. तिथे बाहेर जाणारी ओहोटी आणि आत येणारी लाट समोरासमोर आली तर लाटा आखूड आणि उंच होतात. तेव्हा लहान होडी त्यात घालायची नसते, थांबायचे असते. तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, थांबवले तर हुज्जत घालू नका.

भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे सुटण्याची वेळही थोडी मागेपुढे होते. निवड तुमच्या हातात असेल तर अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी भरती-ओहोटीचे दिवस, घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी इतके ओढते की नवख्याच्या दोरीचे शिसे तळाला टिकतच नाही. हंगाम ऑक्टोबर ते मे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, आणि पावसाळ्यात आम्ही तशीही होडी काढत नाही.

साधन

प्रत्येकाला ५० मीटर तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी दोरी, देतो, ०.५ मिलिमीटर जाडीची. टोकाला १०० ग्रॅम शिसे, त्याच्या वर ४०-४० सेंटिमीटरवर दोन आखूड फांद्या, म्हणजे बाजूला काढलेल्या दोऱ्या, आणि त्यांना गळ. शिसे मात्र मुद्दाम ०.३ मिलिमीटरच्या बारीक दोरीने बांधलेले असते. खडकात अडकले तर तेवढीच दोरी तुटते, गळ आणि मासा हाती येतात.

होडीवर सगळ्यांचे शिसे सारख्याच वजनाचे असते. हलके शिसे पाण्याबरोबर वाहते, जड सरळ खाली जाते, आणि मग दोन दोऱ्यांचा असा गुंता होतो की अर्धी सकाळ तो सोडवण्यात जाते. पाणी ओढू लागले की आम्ही सर्वांचेच वजन वाढवतो.

आमिष म्हणजे ताजी कोळंबी किंवा माणकीची (स्क्विडची) पट्टी. कोळंबी शेपटीकडून गळावर सरळ ओवा. वाकडी बसली तर ती पाण्यात गरगरते, फांदी मुख्य दोरीला पीळ घेऊन बसते आणि मासा फिरकत नाही.

गळ टाकणे

शिसे हळू सोडा. दोरी एकदम सैल पडली की तळ लागला. मग हातभर वर घ्या आणि बोटांवर दोरी धरून बसा. चुकते ते इथेच. सुरुवातीला लोक शिसे तळाशी पडू देतात, सैल दोरीतून ओढ कळत नाही आणि नुसते आमिष खाल्ले जाते. दर काही मिनिटांनी तळ पुन्हा चाचपा, कारण होडी नांगरावर फिरते आणि खोली बदलते.

पहिल्या टकटकीला ओढू नका, तो आमिष चाखत असतो. दोरी जड होऊन चालू लागली की मनगटाने एक झटका द्या आणि हातावर हात घेत, मध्ये सैल न सोडता, वर आणा. दोरी हाताला गुंडाळू नका. मोठा मासा खाली घुसला तर तंगूस बोटात रुतते.

तळाशी तांबोशी, गोबरो, दोडयारे, राणे असे मासे लागतात. इसवण (सुरमई) हवी असेल तर ती अशी बसून मिळत नाही. तिच्यासाठी चालत्या होडीमागे गळ ओढावा लागतो, ती सफर वेगळी.

हात कुठे लावायचा नाही

सांगट (शिंगाळा) माशाला पाठीवर एक आणि बाजूंना दोन काटे असतात, करवतीसारखे आणि विषारी. पाकट या चपट्या माशाचा काटा शेपटीवर असतो. हे दोन्ही तांडेलाने काढायचे. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटे बुडवून ठेवायची आणि नंतर डॉक्टर गाठायचा. फुगणारा केंड मासा परत सोडायचा, तो खायचा नसतोच.

लाइफ जॅकेट धक्क्यावरच घालायचे, पट्टे आवळून. होडीत उभे राहायचे नाही, दारू आणायची नाही. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्याच्या तासभर आधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. उपाशीपोटी येऊ नका, थोडी पेज किंवा पाव पुरे. मध्यभागी बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. मोबाइलवर मान घालून बसलेल्यांना आधी लागते. समुद्रावरच्या अडचणीत तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, तो फोनमध्ये आधीच घालून ठेवा.

नांगर नाळेवरच, म्हणजे पुढच्या टोकालाच बांधतो. मागून बांधला तर लाट थेट आत येते. तो ओढायला मदत करायची असेल तर आधी विचारा.

मासा वर आला की लगेच बर्फात, किलोला किलो बर्फ. बांगडा उन्हात राहिला तर त्यात तयार होणारे द्रव्य शिजवूनही जात नाही आणि अंगावर पित्त उठते. वीतभर लांबीही नसलेली तांबोशी-गोबरो आम्ही परत सोडतो. बर्फाची पेटी भाड्यातच आहे, पण घरी न्यायचा डबा तुम्ही आणायचा.