वादळ आलं की क्रूझ कॅन्सल अन् पैसे वापस? नाही ना बाप्पा!

आपल्या नागपुरात क्रूझचं बुकिंग करताना कोणी ना कोणी हमखास सांगतेच, वादळ आलं तर ट्रिप कॅन्सल होते, पूर्ण पैसे वापस भेटतात, टेन्शन नको घेऊ. असं नसते भाऊ. कंपनी शक्यतो जहाज काढतेच, फक्त रस्ता बदलते. वादळ साधारण ताशी 15-20 किमीनं सरकते अन् मोठं क्रूझ जहाज 35 च्या आसपास पळू शकते, म्हणून कॅप्टन दुरूनच वळसा घेतो. मग लक्षद्वीपचा स्टॉप गेला, त्याऐवजी गोवा, नाहीतर दिवसभर नुसता समुद्रच पाहा, अन् बहुतेक कंपन्यांच्या बुकिंगच्या अटींत हा बदल मान्य असल्याचं लिहिलेलं असते (वाचते कोण म्हणा!). गाळलेल्या बंदराची फी तेवढी बरेचदा परत येते.

खरा फटका पुढंच आहे. जहाज मुंबईला उशिरा लागलं अन् नागपूरची फ्लाइट सुटली, तर तुम्ही वेगळ्यानं काढलेल्या त्या तिकिटाचे पैसे क्रूझवाले सहसा देत नाहीत. अरबी समुद्रात वादळं जास्त करून मे-जून अन् ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होतात, तेव्हा जायचं असंल तर परतीची फ्लाइट दुसऱ्या दिवशीची घ्या अन् इन्शुरन्स बुकिंगसोबतच काढा, वादळाची बातमी आल्यावर काढलेला त्यासाठी बहुतेक चालत नाही.